वीरअण्णांचा हेंडगा

येळवस तोंडावर आली तरी कस्तुराबाईच्या घरात रानात पूजेला घालायच्या कडब्याच्या कोपीचं नाव कुणी काढत नव्हतं. एरवी मार्गशीर्षातली ही अमावस्या जवळ आली की तिला मान वर करायला फुरसत नसायची. ताक कुणाकुणाकडून आणायचं, भज्जीला चिंच किती भिजत घालायची, लातूरच्या पाहुण्यांना निरोप गेला की नाही, असा सगळा गोंधळ असायचा आणि त्या गोंधळात ती खूश असायची. यंदा नवरा, शेषेराव, पडवीत बाजेवर पडून होते. घरातलं बोलणं त्यांच्या कानावर जाऊ नये म्हणून सगळे हळू बोलत होते आणि त्यांना ते बरोबर ऐकू येत होतं.

मुलगा दयानंद वाटेच्या केसपायी औशाहून वकिलाला भेटून आला तो पायातली चप्पल न काढताच उंबऱ्यावर बसला.

"काय म्हनला?" कस्तुराबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

"येळवशीला त्यांच्या रानातून जायाचं न्हाई म्हनला. बोलवलं तरी न्हाई."

"येळवशीचं बोलावनं हाय ते. न्हाई कसं म्हनावं?"

"त्योच तर डाव हाय. रुद्रेश फाटक उघडून ठिवनार, या काकू या काका म्हननार, जेवू घालनार आन् फोटू काढनार. मग तहसीलीत दावनार. बगा साहेब, हक्काची वाट कुटं हाय? पाव्हने म्हनून येत्यात, म्या कवा अडवलं? एकडाव पाव्हना म्हनून पाय टाकला की केस खलास."

बाजेवरून शेषेराव बोलले, "वीरण्णाच्या कोपीत घास खाल्ला न्हाई, असी येळवस म्या बगितली न्हाई."

"मग यंदा बगा," दयानंद म्हणाला, आणि आपण काय बोलून बसलो हे कळून खाली वाकून चप्पल काढायला लागला.

गावच्या सडकेला लागून वीरअण्णांचं रान आणि त्याच्या पलीकडं शेषेरावांचं. मधून, वीरअण्णांच्या पूर्वेच्या कडेनं, एक गाडीवाट शेषेरावांच्या रानात उतरते. ती वाट कुणी कुणाला दिली हे कुणी विचारलं नव्हतं. बैलं त्या वाटेनं डोळे मिटून जायची, माणसंही तशीच गेली. मग वीरअण्णांचा मुलगा रुद्रेश पुण्याची नोकरी सोडून गावी आला. पोरगा हुशार, बोलायला गोड. त्यानं रानात झोके बांधले, बैलगाडीला रंग दिला, हुरड्याच्या दिवसांत हुरडा आणि येळवशीला येळवस, सहकुटुंब या, असा फलक सडकेवर लावला. शहरातली माणसं खरोखर यायला लागली. त्यांच्या मोटारींना जागा हवी म्हणून त्या या वाटेवर उभ्या राहू लागल्या, आणि पाहुण्यांची पोरं पलीकडच्या विहिरीकडं जाऊ नयेत म्हणून वाटेच्या खालच्या टोकाला, जिथं शेषेरावांचं रान सुरू होतं तिथं, फाटक बसलं.

"काकू, किल्ली माझ्याजवळ असते. एक फोन करा, लगेच उघडतो," असं तो म्हणाला होता. पहिल्यांदा उघडलंही. पुढं फोन उचलेना. सोयाबीन काढायला मशीन आणायची वेळ आली तेव्हा म्हणाला, आज पाहुणे आहेत, धुरळा होईल, उद्या बघू. वरून पाऊस काही थांबत नव्हता. भिजल्या शेंगांना उभ्याउभ्या मोड येऊ लागल्यावर या घरानं सोयाबीन हातानं बडवलं आणि डोक्यावरून ओढ्यातून गावात आणलं. त्या ओढ्याची उतरंड पावसानं खचली होती. शेषेराव पोत्यासकट घसरले आणि खुब्यात मोडले. ते तेव्हापासून या बाजेवर.

रुद्रेश सफरचंदं घेऊन बघायला आला होता. बराच वेळ बसला, चहा घेतला, आणि उठताना म्हणाला, "काका, आता झेपत नसेल तर मला सांगा. वाट नसलेलं रान दुसरं कोण घेणार? मी घेईन, आपलं आपल्यात राहील." आरतीनं, सुनेनं, ती सफरचंदं म्हशीच्या पुढ्यात टाकली. म्हशीनं आवडीनं खाल्ली.

पण कस्तुराबाईला रुद्रेशचा तितका राग नव्हता. तिला राग होता वीरअण्णांचा. शेषेराव आणि ते एका बाकावर शिकलेले, एक बैल दोघांनी मिळून पोसलेला. फाटक बसलं तेव्हा ते तिथंच उभे होते आणि एक अक्षर बोलले नव्हते. शेषेराव पडल्यावर बघायलाही आले नाहीत. तिला ते फार लागलं होतं.

आता रानात तूर कापून पडली होती. तिचा ढीग लावलेला, मळणी मशीन आली तर अर्ध्या दिवसाचं काम. मशीन ओढ्यातून जाईना आणि फाटकातून येऊ देईनात. शेंगा उन्हानं तडकत होत्या, रोज थोडे दाणे मातीत जात होते. तूर अशी गेली तर पुढच्या साली पेरायचं कुणी आणि कशासाठी? रुद्रेश नुसता गप्प बसून राहिला तरी रान त्याच्याकडं चालत येणार होतं. हे घरातल्या सगळ्यांना कळत होतं.

"कोप करायची," येळवशीच्या आदल्या दिवशी शेषेराव म्हणाले. "आन् मला न्या."

"तुमाला कसं न्यायचं? ओढ्यातून?"

"कसं बी न्या. आपलं रान हाय तवर मी जानार."

मग मात्र घर हललं. आरती भज्जीला बसली. हरभऱ्याची कोवळी भाजी, वाल, मटार, तुरीचे ओले दाणे, सगळं एका पातेल्यात शिजायला लागलं तसा घरभर वास सुटला. कस्तुराबाईनं बाजरीचे उंडे वळले, खिरीचे गहू कांडले आणि ज्वारीचं पीठ ताकात कालवून आंबील मातीच्या बिंदग्यात भरली. कामाला लागल्यावर तिला बरं वाटलं, आणि बरं वाटतंय याचंही वाईट वाटलं.

सकाळी निघाले तेव्हा ऊन कोवळं होतं. आरतीच्या डोक्यावर जेवणाची पाटी, कस्तुराबाईच्या डोक्यावर आंबिलीचं बिंदगं, आणि दयानंदच्या पाठीवर बाप. ओढ्याकडं जायचं म्हणजे वीरअण्णांच्या तारेच्या कडेनं जावं लागत होतं. तारेच्या आत नुसती जत्रा. वाटेवर मोटारींची रांग, झोक्यांवर पोरं, नवी लुगडी नेसून फोटो काढणाऱ्या बाया. दयानंद वाकून चालत होता. शेषेरावांनी दोन्ही हात त्याच्या गळ्यात टाकले होते आणि डोळे मिटून घेतले होते.

"अरे ते बघ, बघ!" तारेच्या आतून एक बाई आपल्या लेकराला म्हणाली. "बाबांना पाठीवर घेऊन देवाला चाललेत. गावाकडं असतं असं." आणि तिनं मोबाईल वर केला. आणखी दोघांनी केला. दयानंदची मान लाल झाली. कस्तुराबाईला वाटलं, बिंदगं खाली ठेवावं आणि त्या बाईला सांगावं की ही देवाची वाट नाही, तुझी मोटार जिथं उभी आहे ना, ती आमची वाट. पण आंबील कोपीपाशी पोचल्याशिवाय खाली टेकवायची नाही अशी घरची रीत होती. ती चालत राहिली.

तेवढ्यात हाक आली. "बर्री वैनी, बर्री! जेवाया या!"

वीरअण्णा आपल्या कोपीपाशी उभे होते. कडब्याच्या त्या कोपीवर नवी शाल, आत चुन्याकावेनं रंगवलेले पाच पांडव, आणि बाहेर हे, पांढरा पटका बांधलेले, गळ्यात लिंग, एक हात वर केलेला. नजर मात्र तिच्याकडं नव्हती. दयानंदच्या पाठीकडं होती. हात तसाच वर राहिला.

"या ना काकू!" रुद्रेशही पुढं आला. "आज फाटक उघडं आहे, तुमच्यासाठीच उघडलंय. काका, या!" त्याच्या हातात मोबाईल होता.

येळवशीला वाटेवरच्या परक्या माणसालाही हाक मारतात, आणि हाक आली की निदान एक घास खाऊन पुढं जातात. कस्तुराबाई लग्न होऊन आली त्या वर्षापासून ही हाक ऐकत आली होती. तिनं ऐकली आणि मान न वळवता ओढ्यात उतरली.  

आपल्या रानात तुरीच्या ढिगाशेजारी दयानंदनं कोप उभी केली. पूजा झाली, नैवेद्य झाला. कोपीभोवती आंबील शिंपडायची ती दयानंदनं शिंपडली. ‘ओलगे, ओलगे’ ही येळवशीची आरोळी देताना दरवर्षी त्याचा आवाज ओढ्यापलीकडं जायचा, आज तो आरतीलाही नीट ऐकू आला नाही. जेवायला कुणी आलं नाही. कोण येणार, आणि कुठून? आरतीनं उगाच पत्रावळी जास्त मांडल्या होत्या त्या तिनं गुपचूप उचलल्या. शेषेरावांनी भज्जीत उंडा कुस्करला आणि दोन घासांनंतर म्हणाले, "चव हाय." 

दुपारून फाटक लागल्याचा आवाज आला. कुणी येत नाही म्हटल्यावर रुद्रेशनं कुलूप घातलं होतं. पाहुण्यांसाठी म्हणून त्यानं ते लाकडी फाटक कडब्याच्या पेंढ्यांनी आणि झेंडूनं सजवलं होतं. दिसत छान होतं.

दिवस कलला तशी हेंडग्याची वेळ झाली. कडब्याची लांब मुठळी करून ती पेटवायची आणि आपल्या रानाच्या कडेकडेनं घेऊन फिरायचं, त्याला हेंडगा म्हणतात. आपलं तेवढंच घेरायचं. दुसऱ्याच्या भुईवरून आपला जाळ न्यायचा नाही, ते पाप. शेषेराव आणि वीरअण्णा तरणे असताना एकाच वेळी हेंडगे पेटवायचे, आपापल्या रानाला वेढा घालून या वाटेच्या तोंडावर यायचे आणि दोन्ही हेंडगे एकाच जागी टाकून हात शेकत उभे राहायचे. कोण आधी पोचला यावरून भांडायचे. शेवटीशेवटी दोघंही धापा टाकत यायचे, पण भांडणं तीच.

दयानंदनं हेंडगा उचलला. कस्तुराबाईनं त्याच्या हातातून घेतला.

"म्या जाते."

"तू? बाईमानूस कुटं फिरवतंय का?"

"तू त्या फाटकापाशी जाऊन काय करशील ते मला ठावं हाय. बस तुज्या बापापाशी."

ती निघाली. उशीर झाला होता, अंधार नव्हता. हरभऱ्याच्या कडेनं, तुरीच्या खुंटांतून, पदर एका हातानं आवळून ती चालली. जाळाची धग तोंडाला लागत होती. ओढ्याकडची बाजू झाली, पश्चिमेचा बांध झाला आणि ती फाटकाकडं वळली, तेव्हा तिला तारेपलीकडं दुसरा जाळ दिसला.

तिकडं सगळे पाहुणे गोळा झाले होते. रुद्रेशनं तारेला लागून, मोटारींच्या पलीकडून, चुन्याची पांढरी रेघ मारून ठेवली होती, वडिलांनी कुठून फिरायचं ते कळावं म्हणून. वीरअण्णा हेंडगा घेऊन सडकेच्या बाजूनं आले, आणि त्या रेघेपर्यंत न जाता मोटारींच्या अलीकडूनच वळले.

"बाबा, इकडून! तारेच्या कडेनं!" रुद्रेश ओरडला.

वीरअण्णा थांबले नाहीत. मोटारींची रांग उजव्या हाताला ठेवून ते आतल्या बाजूनं चालले. तिथं जेवणाची टेबलं मांडली होती. माणसं खुर्च्या ओढून बाजूला झाली, एक पातेलं कलंडलं, लेकरं टाळ्या वाजवायला लागली. ते दोन्ही चाकोऱ्यांवर पाय न ठेवता, वाट सगळीच्या सगळी बाहेर सोडून, आपल्या रानाचा वेढा पुरा करत होते. मोबाईल वर झाले होते. ज्यानं त्यानं ते चालणं आपापल्या मोबाईलमध्ये घेतलं.

वेढा पुरा झाला. मग ते मोटारींच्या मधून वाटेवर आले आणि सरळ खाली फाटकाकडं. पलीकडं कस्तुराबाई उभी. दोघांच्या मध्ये कडब्यानं सजवलेलं फाटक.

"रुद्रेश, किल्ली दे," वीरअण्णा मागं न बघता म्हणाले.

रुद्रेश धावत आला होता. तो पाहुण्यांकडं वळून हसला. "वय झालंय बाबांचं. हल्ली विसरतात. आपण कुठं, रान कुठलं, काही लक्षात राहत नाही."

दोघंतिघं ‘बिचारे’ अशा चेहऱ्यानं हळहळले. वीरअण्णांनी ते ऐकलं. कस्तुराबाईनंही ऐकलं. हा माणूस सकाळी पाहुण्यांना पिकांची, बैलांची, सगळी नावं सांगत फिरत होता, आणि त्याच्याच पोरानं भर माणसांत त्याला एका वाक्यात येडं ठरवलं होतं.

 हेंडगा जळत जळत वीरअण्णांच्या मुठीकडं येत होता. ते फाटकाला आणखी खेटून उभे राहिले. जाळ कडब्याच्या पेंढीपासून हातभर उरला, मग वीतभर. शेजारीच पहिली मोटार उभी होती, पांढरी, नवी कोरी. तिचा मालक ओरडला, "अहो, गाडी! उघडा ना ते!"

रुद्रेशनं खिशातून किल्ली काढली. घाईत ती कुलपात जाईना. फाटक उघडलं तेव्हा वीरअण्णांनी पुढं येऊन आपला हेंडगा वाटेच्या मध्यावर टाकला. कस्तुराबाईनं आपला त्यावर टाकला.

"म्या माजं रान फिरलो," वीरअण्णा म्हणाले, तिला कमी आणि मागच्यांना जास्त ऐकू जाईल असं. "ही वाट भाईर हाय."

 कडबा भसाभसा जळला.

"अण्णा," कस्तुराबाई म्हणाली, "सकाळी तुमी हाक मारली. म्या आले न्हाई."

"ऐकू आली व्हती का?"

"आली व्हती."

"मग झालं." ते हात शेकत होते. "पोरगं म्हनलं, वाट कुटं बंद केली, निसतं फाटक लावलंय. म्या बी मानून घेतलं. मानून घेतलं म्हंजी घरात जेवन गोड लागतंय. आज शेषाला पोराच्या पाठीवर बगितलं, वैनी. घास उतरला न्हाई दिसभर."

तिला रडू आलं आणि तिनं ते धुरावर ढकललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुरीवर पालापाचोळा उडाला असेल म्हणून ती उरलेली आंबील घेऊन ओढ्यातून रानात आली. बघते तर फाटक उघडंच. त्याच्या तोंडावर बाज टाकलेली आणि बाजेवर घोंगडी पांघरून वीरअण्णा बसलेले. बाज असेपर्यंत फाटक लागणं शक्य नव्हतं. पाहुणे गेले होते, वाट मोकळी होती, फक्त सडकेकडच्या टोकाला रुद्रेशची मोटार उभी होती.

"हे काय अण्णा? थंडीत?"

"दयानंदाला सांगा, मशीन आजच आन म्हनावं. आत्ताच."

"आनतो की. दोन दिस गेले तरी..."

"दोन दिस न्हाईत. लातूरला न्यायलाय मला, डाक्टरला दाखवाया. माजं डोकं फिरलंय म्हनून लिहून घेनार हाय. तसं लिहिलं म्हंजी रातचं माजं फिरनं बी येड्याचं झालं."

तिनं दयानंदला फोन केला. मग तांब्यात आंबील ओतून पुढं केली.

"मशीन जाऊ दे मंग पितो," ते म्हणाले.

रुद्रेश येऊन उभा राहिला. रात्रभर झोपला नसावा. त्याच्याही डोळ्यांत पाणी होतं, हे कस्तुराबाईनं बघितलं आणि तिला ते खोटं वाटलं नाही. "बाबा, चला. अपॉइंटमेंट आहे. लोक काय म्हणतील? सगळ्या गावात तुमचा व्हिडिओ फिरतोय."

"येतो. गाडीत बस तू."

रुद्रेश गाडीकडं न जाता तिथंच फाटकाला टेकून राहिला. मग सडकेवर ट्रॅक्टरचा आवाज आला, मागं मळणी मशीन, मडगार्डवर दयानंद. रुद्रेशची मोटार वाटेत होती. ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न दिला, पुन्हा दिला. रुद्रेशनं बापाकडं बघितलं, कस्तुराबाईकडं बघितलं, आणि जाऊन मोटार बाजूला घेतली.

वीरअण्णा उठले. वाकून त्यांनी बाज बाजूला ओढली, कस्तुराबाईनं दुसरीकडून धरली. मशीन त्यांच्या अंगावरून गेल्यासारखी जवळून, धुरळा उडवत, रानात उतरली. तिच्या चाकांखाली रात्रीची राख दबली. घोंगडीची घडी काखेत मारून वीरअण्णा सडकेकडं चालू लागले.

"अण्णा, आंबील!"

तांब्या घेऊन ती मोटारीपर्यंत धावली. ते आत बसले होते. खिडकीतून हात काढून त्यांनी तांब्या घेतला आणि सगळा एका दमात संपवला. रुद्रेश समोर बघत चावीशी चाळा करत होता.

"आंबट झालीया," वीरअण्णा म्हणाले आणि तांब्या परत दिला. "वैनी, म्या येईस्तवर बाज तितंच ऱ्हाऊ द्या."

मोटार गेली. मागं मशीन सुरू झाली होती, शेषेरावांच्या रानातून तुरीचा पिवळा भुसा वर उडत होता. कस्तुराबाईनं बाज ओढून पुन्हा फाटकाच्या तोंडावर आडवी लावली आणि रिकामा तांब्या मांडीवर घेऊन तिच्यावर बसली.